उद्यानपालिकेचा प्रवेश

मला संस्कृत इंग्रजीतून आलं. शाळेत तो मार्क मिळवून देणारा विषय होता आणि मी तो तसाच घेतला. श्लोकाचा अर्थ इंग्रजीत लिहायचा, टिपा इंग्रजीत, कवीचा परिचय गाइडमधून पाठ. त्यामुळे आमच्या रत्नागिरीतल्या हौशी मंडळींच्या संस्कृत नाटकाच्या तालमीला मी पहिल्यांदा गेले ते काही भाषेच्या ओढीनं नव्हे. आईनं शिवलेल्या कपड्यांचं बोचकं पोचवायला स्कूटर लागत होती आणि ती चालवायला मी.

आई शिवणकाम करते. बाबा बोटीवर असतात, वर्षातले थोडे महिने घरी. माझं काम लॅपटॉपवरचं, घरून चालणारं, दिवसभर कुणाशी बोलावं न लागणारं. आईचं माहेर हातखंब्याच्या पुढे आत, सड्यावरच्या गावात. तिथल्या मराठी शाळेत ती दहावीपर्यंत शिकली. तिला संस्कृत शिकवणारे गुरुजी सगळं गाऊन शिकवायचे, एवढंच ती त्या शाळेबद्दल सांगते. माझ्या शाळेतल्या पालकसभेत मात्र ती एक शब्द बोलत नसे. बाईंच्या इंग्रजी प्रश्नांना मीच उत्तरं द्यायची आणि ती पर्सचा बंद घट्ट धरून माझ्याकडे बघत राहायची. मीही मुळात बोलणारी नाही. आम्ही दोघी एकाच घरात पुष्कळ गप्प असतो.

तालमी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चालायच्या. बाकं भिंतीला सरकवायची, खडूनं रंगमंचाची चौकट आखायची, की झाला राजवाडा. दिग्दर्शक निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांना सगळे सरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. दर वर्षी ते स्पर्धेला एक संस्कृत नाटक बसवतात. या वर्षी त्यांनी एका फार जुन्या कवीचं, फारसं न होणारं नाटक घेतलं होतं. त्या कवीचं नाव मी इथे लिहीत नाही. कुणाचंच लिहायचं नाही असं ठरवलं आहे, मग त्याचंही नको.

मला संस्कृत वाचता येतं हे कळल्यावर सरांनी प्रॉम्प्टिंग माझ्याकडे दिलं. प्रॉम्प्टर विंगेत असतो, कुणाला दिसत नाही, हे ऐकून मी लगेच हो म्हटलं. मग त्यांनी हळूच पुढचं काढलं.

"पडदा उघडण्याआधी आपण कवीचा परिचय देतो. त्याचं जीवन, त्याच्या कृती. एक पान पुरे. तू लिही."

"वाचायचं पण मी?"

"छे! वाचीन मी. तू फक्त लिही."

एक पान म्हणजे माझ्या रोजच्या कामाच्या मानानं काहीच नव्हतं. मी बसले आणि त्या पानानं माझी झोप उडवली. कारण त्या कवीला जीवनच नव्हतं. एका पुस्तकात तो उत्तरेचा होता, कारण थंडीचं वर्णन फार जिवंत. दुसऱ्यात दक्षिणेचा, कारण समुद्र. कुणी त्याला दरबारात बसवला होता, कुणी त्याच दरबारातून हाकलून दिला होता. माणूस जाऊ दे, त्याचं शतकसुद्धा नक्की सापडत नव्हतं. त्याच्या नावावरच्या दंतकथा सगळ्या एकाच साच्याच्या होत्या: आधी मठ्ठ होता, मग देवीनं हात ठेवला. मी लिहायची, पुसायची, गच्चीवर जाऊन फेऱ्या मारायची. वर ढगाळ असायचं. ऐन थंडीत ढग आले की आंब्याच्या मोहोराच्या धास्तीनं आमच्याकडे सगळेच अस्वस्थ होतात, त्यामुळे माझी अस्वस्थता त्यात खपून जायची.

चहाच्या वेळी मात्र कवीच्या जन्मस्थानाचा निकाल रोज लागायचा. राजाचं काम पावसचे एक बागायतदार करत. आवाज असा की भाट्याच्या पुलापलीकडून निघाले तरी वर्गात ऐकू यावेत.

"कोकणातलाच तो," ते म्हणायचे. "आंब्याचा मोहोर इतक्या वेळा घाटावरच्या माणसाला सुचेल काय?"

"आणि फवारणीबद्दल एक ओळ नाही?" प्रतिहारी, म्हणजे राजाच्या दारावरची बाई, झालेल्या वकीलबाई विचारायच्या. "कसला हो कोकणी!"

"तेव्हा मोहोराला तुडतुडा लागत नव्हता, वकीलबाई. सुखी काळ."

असं म्हणून ते मुकुटासकट मोबाइलमध्ये हवामान बघायचे.

नाटकाची गोष्ट साधी होती. राजाच्या मनात संशय शिरतो आणि तो राणीला राजवाड्याच्या बागेतल्या एका मंडपात ठेवतो. राणी मानी, पुढे राजानं बोलावलं तरी येत नाही, निरोपही पाठवत नाही. बाग राखणारी बाई, उद्यानपालिका, एका सकाळी आंब्याचा मोहोर तोडून राणीला देते. राणी तोच मोहोर राजाकडे पाठवते. तो हातात आला की राजाला दोघांची पहिली भेट आठवते आणि पुढे सगळं सुरळीत होतं. दरबाराचे दोन प्रवेश आणि मधे हा बागेतला. दोन्ही दरबारांत प्रतिहारी येऊन त्याच शब्दांत राजाचा जयजयकार करते. पहिल्यांदा ती राणी येत नसल्याचं सांगते, दुसऱ्यांदा तिनं पाठवलेला मोहोर घेऊन येते.

उद्यानपालिकेचं काम करणाऱ्या बाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी अचानक मुंबईला जावं लागलं. आई तेव्हा कोपऱ्यात बसून राणीच्या शेल्याला काठ लावत होती. आधीच्या तालमींत त्या बाई अडल्या की आई तोंडातल्या टाचण्या न काढता पुढचा शब्द पुटपुटायची. माझ्या आधी. हे सरांनी हेरून ठेवलं होतं.

"वहिनी, तुम्हीच करा."

आईनं टाचण्या काढल्या. "मी? मला कपडे पुरेत."

"तुम्हाला पाठ आहे."

"पाठ असणं वेगळं नि उभं राहणं वेगळं."

"उभ्या राहा, मग बघू," सर म्हणाले. आणि ती राहिली.

ती बोलते ते चांगलं होतं की नाही, हे मला ठरवता आलं नाही. मला फक्त एवढं दिसलं की ती हात कुठे ठेवायचे याचा विचार करत नव्हती. बागेत काम करणारी बाई जशी उभी राहील तशी ती उभी होती, एक पाय जरा मोकळा. त्या दिवसापासून शिवणयंत्राच्या आवाजाबरोबर घरात ती वाक्यं सुरू झाली. यंत्र थांबलं की वाक्यही थांबायचं. तिनं माहेरी फोन करून मामा-मामींना प्रयोगाला बोलावलं. "एसटीत बसायला जागा मिळंल ना रं? लवकर निघा," असं त्यांना बजावताना मी ऐकलं. तिला बघायला कुणी यावं असं तिनं आजवर काही केलं नव्हतं.

अडचण आली ती मोहोराची. आमच्याकडे मोहोर कुणी तोडत नाही. रस्त्यावरच्या झाडाची कैरी पाडलेली एक वेळ चालते, मोहोराला हात लावलेला नाही. आणि त्या कवीच्या नाटकांतल्या बायका तर येता-जाता मोहोर खुडतात. देवाला वाहतात, केसांत माळतात. आईनं पिवळट रेशमाचे धागे तारेला गुंडाळून एक हुबेहूब तुरा केला आणि नाटकासाठी केलेल्या बांबूच्या खोट्या झाडाला अडकवला. तालमीत तिनं तो ओढला तर राजेसाहेब खुर्चीतून उठलेच.

"वहिनी, माझ्यासमोर मोहोर तोडायचा नाही हां. सांगून ठेवतो."

"अहो भाऊ, खोटा आहे तो!"

"खोटा असला तरी हात तसाच जातो ना!"

सगळे हसले. पण बागायतदार हसत नव्हते. त्या वर्षी हवा खरंच वाईट होती. ढग हटत नव्हते आणि फवारण्यांमागून फवारण्या चालल्या होत्या. काही दिवसांनी नाटक ठरलेल्या वेळेत बसत नाही असं लक्षात आलं तेव्हा त्यांनीच सुचवलं, "बागेचा प्रवेश काढा. मोहोर प्रतिहारीनं आणला तरी गोष्ट कळते. राणीनं पाठवला म्हणायचं, संपलं. तो झाडाशी बोलण्याचा भाग कशाला?"

वकीलबाईंनाही ते पटलं. त्यांचा त्या प्रवेशाशी संबंध नव्हता. सरांनी चष्मा काढून पुसला. मी आईकडे बघितलं. ती खाली बघून शिवणीचे टाके उसवत होती.

"काढा की," ती म्हणाली. "मला काय! कपडे व्हायचेच आहेत अजून."

मग सरांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. "परिचय तू लिहितेस. कवी तू वाचलास. तुला काय वाटतं, हा प्रवेश काढला तर बिघडतं का?"

वर्गातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई मात्र बघत नव्हती. मी म्हटलं, "उद्या सांगते," आणि बोचकं उचलून खाली गेले.

घरी आल्यावर यंत्र चाललं, पण वाक्य आलं नाही. मी जेवायला बोलावलं तर ती म्हणाली, "मामाला कळवायला हवं. उगाच कशाला येतील एवढ्या लांब." फोन मात्र तिनं केला नाही. तो टेबलावर तसाच पालथा पडून होता. ती भांडी घासायला गेली, मी लॅपटॉप उघडला, बंद केला आणि नाटकाचं पुस्तक घेतलं.

एक गोष्ट मी इतके दिवस बघत होते पण पाहिली नव्हती. पुस्तकात राजाची वाक्यं संस्कृतात आहेत. राणीची, दासींची, उद्यानपालिकेची नाहीत. ती त्या काळच्या घरातल्या भाषेत, प्राकृतात आहेत आणि खाली बारीक अक्षरांत त्यांचं संस्कृत दिलं आहे. आम्ही सगळेच ते बारीक अक्षरांतलं बोलत होतो, कारण सगळे तसंच करतात. मी पुस्तक घेऊन मोरीच्या दारात गेले आणि वरची ओळ, प्राकृतातली, अडखळत वाचून दाखवली.

आईनं नळ बंद केला. "परत वाच."

मी परत वाचली.

"हे जवळचं लागतंय गो," ती म्हणाली. "आमच्या गावच्या म्हाताऱ्या बायका बोलल्यासारखं. अर्थ नाय कळत सगळा, पण चाल कळते."

त्यानंतर पान झालं. एका बैठकीत, खाडाखोड न करता. मी लिहिलं की कवी कुठला, कुणाचा मुलगा, कधी गेला, यातलं काहीच ठाऊक नाही आणि ठाऊक असल्यासारखं मी लिहिणार नाही. त्याच्या काव्यांत ऋतू आहेत, लांबचे प्रवास आहेत, विरह आहे. नाटकांत राजे आहेत, आणि राजांबद्दल तो चांगलं बोलतो. राजानं त्याला पोसलं असेल तर बोलणारच. पण तो घरी, आईशी, संस्कृतात बोलत नसणार. ती दुसरी भाषा त्यानं बाग राखणाऱ्या बाईला दिली आहे. तिचा प्रवेश गोष्टीला फारसा लागत नाही, हे त्यालाही कळत असणार. तरी त्यानं तो लिहिला. ती बाई झाडाला विचारते, तोडू का, आणि झाड काही बोलत नाही म्हणून थोडा वेळ उभी राहते. कवीच्या आयुष्यातलं काही या नाटकात उरलं असेल तर ते बहुधा दरबारात नाही, इथे आहे.

दुसऱ्या दिवशी तालमीला ते पान मी सरांच्या हातात दिलं आणि कपड्यांच्या मागे जाऊन बसले. सरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे आमचं सगळं सरकारी," बागायतदार म्हणाले, "आणि खरं ते वहिनींचं!"

"तसं नाही लिहिलं," मी कपड्यांमागून म्हटलं.

"बोलली! बोलली ही पोरगी!" वकीलबाईंनी टाळी वाजवली.

सरांनी पान घडी घालून खिशात ठेवलं. "प्रवेश राहील. दरबारातली वर्णनं कापू. आणि वहिनी, तुम्ही वरचंच बोला, प्राकृत. परीक्षकांना रुचलं तर रुचलं."

"मला वाक्यं कापून चालतील," बागायतदार म्हणाले. "फक्त मी समोर नसताना तोडा." त्यांनी मोबाइल काढला. "उद्याही ढग दाखवतोय मेला."

त्या रात्री यंत्राबरोबर वाक्यं परत सुरू झाली, नवी.

प्रयोग संध्याकाळचा होता. दुपारीच आम्ही नाट्यगृहात पोचलो. आई राणीला नेसवत होती, एकीकडे स्वतःच्या ओच्याला टाचण्या लावत होती. मी विंगेत खुर्ची कुठे ठेवली तर प्रेक्षकांना अजिबात दिसणार नाही ते तपासत होते. पुन्हा पुन्हा. सर आत येऊन सांगून गेले की वहिनींच्या माहेरची मंडळी येऊन मागच्या रांगेत बसलीत. आई म्हणाली, "पुढे बसवा त्यांना," आणि मग म्हणाली, "नको, राहू द्या मागेच."

तेवढ्यात बागायतदार आले. हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते आईसमोर ठेवलं आणि मिशी चिकटवायला आरशाकडे वळले. आईनं पंचा उलगडला. आत आंब्याची डहाळी होती, पूर्ण फुललेल्या मोहोराची. रंगपटात वास भरला.

"भाऊ, हे काय?"

"वाऱ्यानं पडली. म्हटलं वाया कशाला घालवा."

आईनं डहाळीचं देठ बघितलं. मीही बघितलं. ते साफ, तिरकं, कात्रीनं कापलेलं होतं. आईनं ते पंच्याच्या टोकानं झाकलं.

"वारा होता खरा," ती म्हणाली.

सरांनी माझं पान वाचलं. मी ते विंगेतून, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं ऐकलं. पडदा उघडला. राजा सुंदर बोलत होता, त्याचा आवाज शेवटपर्यंत जात होता. मी डाव्या विंगेत. समोर उजव्या विंगेत आई, कडेवर परडी. बागेचं झाड तिच्या शेजारी तयार ठेवलेलं, त्याला ती खरी डहाळी बांधलेली. तिचे ओठ हलत होते.

प्रतिहारी आली. जयजयकार केला. पुढे तिनं सांगायचं होतं की राणी येत नाही. त्याऐवजी वकीलबाईंनी दुसऱ्या दरबारातलं वाक्य घेतलं: राणीनं हे पाठवलं आहे.

मी पुस्तकात बोट ठेवलं होतं तिथे ते वाक्य नव्हतं. मला कळायच्या आत राजानं सवयीनं त्याचं पुढचं, दुसऱ्या दरबारातलंच वाक्य म्हटलं. तालमीत इतक्या वेळा म्हटलेलं की ते आपोआप आलं. सभागृहात कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. दोघं अशीच पुढे गेली असती तर नाटक सुखरूप शेवटाला पोचलं असतं. फक्त बाग आली नसती.

समोर आईचे ओठ थांबले होते. तिला कळलं होतं. तिनं परडी कडेवरून खाली घेतली.

मग राजानं हात पुढे केला. मोहोर घ्यायला. वकीलबाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. ते रिकामे होते. राजाचा हात तसाच हवेत राहिला आणि दोघांच्याही चेहऱ्यावरून नाटक उतरलं.

पहिल्या दरबाराच्या शेवटी राजा एक वाक्य बोलून जातो, ती येत नसेल तर मीच इथून जातो, अशा अर्थाचं. तेच आता पाहिजे होतं. मी ते म्हटलं. माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओठांच्या बाहेर न जाणाऱ्या. राजा हलला नाही. मी परत म्हटलं. त्यानं डोळे माझ्याकडे वळवले, पण ऐकू आलेलं नव्हतं. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. मी आईकडे बघितलं. ती परडी घेऊन रंगपटाकडे वळत होती. तिची पाठ दिसत होती.

मी उठून उभी राहिले आणि ते वाक्य पूर्ण आवाजात म्हटलं.

ते सगळ्या सभागृहानं ऐकलं. कुणीतरी फस्सकन हसलं. राजानं मात्र ते झेललं. पुढे केलेला हात त्यानं सावकाश छातीशी आणला, जणू रिकामा हात हेच त्याला दाखवायचं होतं. मग तेच वाक्य माझ्याहून खालच्या स्वरात म्हणून तो निघून गेला. वकीलबाईंनी रिकाम्या सिंहासनाला नमस्कार केला आणि दुसरीकडून गेल्या. बागायतदार माझ्या विंगेत आले. त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि घाम पुसत समोर बघत राहिले.

दिवे बदलले. झाड ठेवलं गेलं. आई आली.

तिचं प्राकृत किती बरोबर होतं ते मला तेव्हा तपासता आलं नाही, मी पुस्तकात बघतच नव्हते. ती झाडापाशी गेली, त्याच्याशी बोलली, त्याला विचारलं. थांबली. तालमीत थांबायची त्याहून जास्त थांबली. नंतर तिनं डहाळीवरचा तुरा धरला आणि तोडला. देठ मोडल्याचा बारीक आवाज आला, कट् असा. आणि सभागृहातून, पुढून मागपर्यंत, "अरे, अरे..." असा एक सूर उठला. भाषा न कळणारी सगळी माणसं एकदम तिथे पोचली. माझ्या शेजारी बागायतदारांनी डोळे मिटले होते.

आईनं तो सूर ऐकला. पुढचं वाक्य ती झाडाऐवजी लोकांकडे तोंड करून बोलली. तसं बसवलेलं नव्हतं. मग तुरा परडीत, पानाखाली ठेवून ती राणीच्या मंडपाकडे गेली. पुढे तो राजाच्या हातात पोचला, नाटक सुरळीत संपलं आणि तुरा परत आईकडे आला.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. एका परीक्षकांनी सरांना विचारलं म्हणे की विंगेतून ओरडणं हे मुद्दाम योजलेलं होतं का. सर म्हणाले, नाही. मामी रंगपटात येऊन आईचे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. मामानं विचारलं, "तोडलास तो खराच होता काय गो?" आई म्हणाली, "खराच." "मग कैऱ्या धरल्या असत्या की त्याला," मामा म्हणाला. बागायतदार मिशी काढत होते. ते आरशातूनच बोलले, "कशाला सांगता, मामा!"

कपडे बोचक्यात भरून आम्ही बाहेर आलो. हवा निवळली होती, वाऱ्याला गारवा होता. आई स्कूटरवर मागे बसली. मांडीवर परडी, परडीत तो तुरा.

"मागपर्यंत ऐकू गेलं असंल?" तिनं विचारलं.

"गेलं."

"मामाला?"

"तो मागेच होता. त्यालाही गेलं."

वळणावर तिनं परडी पोटाशी धरली.

"तुझा पण गेला हो आवाज," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"बरा आहे की. उगाच ठेवून देतेस."

मी रेस वाढवली.

"हळू चालव गो, बाय," ती मागून म्हणाली. "मोहोर झडतोय."